मुके मानलेले तारे

विज्ञानाच्या व्यवहारात ‘आढळले नाही’ आणि ‘नाहीच’ ही दोन विधाने तत्त्वतः कितीही भिन्न असली, तरी पहिल्याचा दीर्घकाळ पुनरुच्चार होत राहिला की त्याचे दुसऱ्यात रूपांतर केव्हा झाले, हे विचक्षण संशोधकांच्याही ध्यानात येत नाही. ज्या ताऱ्यांचा वृत्तांत या प्रकरणात सांगावयाचा आहे त्यांच्या बाबतीत नेमके असेच घडले. दृश्य प्रकाशात ज्यांची नोंद शतकाहून अधिक काळ होत आली, क्ष-किरणांत आणि जंबुपार किरणांत ज्यांचे तेज सुप्रसिद्ध आहे, त्या ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बिणी वळल्या, बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतल्या, आणि त्या रिकाम्या हातांवरून सिद्धान्तही रचले गेले. ते सिद्धान्त का ढासळले आणि त्यांच्या जागी काय आले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम या ताऱ्यांची ओळख करून घेऊ. सूर्यासारखा तारा आपले इंधन संपवून विझतो तेव्हा त्याचा गाभा आकुंचित होऊन मागे उरतो. यालाच श्वेत बटू म्हणतात. याचे वस्तुमान सूर्याच्या वस्तुमानाशी तुलना करण्याइतके, परंतु आकारमान केवळ पृथ्वीएवढे. त्यामुळे त्यातील एक घन सेंटिमीटर द्रव्याचे वजन सुमारे एक टन भरते. अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १·४ पटींपलीकडे जाऊ शकत नाही, हा सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. एकाकी श्वेत बटू कोट्यवधी वर्षे निमूटपणे निवत राहतो. पण त्याच्या अगदी निकट, बहुधा सूर्याहून लहान आणि तांबूस असा दुसरा तारा फिरत असेल, तर त्याच्या नशिबी ही शांतता नसते. अशा पुष्कळ जोड्यांमधील अंतर सूर्याच्या व्यासाहूनही कमी असते आणि त्यांची परस्परांभोवतीची प्रदक्षिणा दीड तासापासून दहाएक तासांत पुरी होते. एवढ्या सान्निध्यात श्वेत बटूचे गुरुत्वाकर्षण सहचराच्या वातावरणावर इतके प्रबळ ठरते की, दोघांच्या आकर्षणांचा तोल ज्या बिंदूवर साधतो तेथून सहचराचा वायू अखंड निसटू लागतो. जोडी फिरत असल्यामुळे हा वायू सरळ खाली कोसळत नाही. तो श्वेत बटूभोवती घिरट्या घालत एक विस्तृत चकती निर्माण करतो आणि अंतर्गत घर्षणाने आपली गती गमावीत हळूहळू आत उतरतो. उतरताना मुक्त होणारी गुरुत्वीय ऊर्जा प्रकाश, जंबुपार किरण आणि क्ष-किरण यांच्या रूपाने बाहेर पडते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. हा सर्व प्रकाश तप्त वायूचा आहे, आणि एवढ्याशा चकतीच्या उष्णतेतून उपजणाऱ्या रेडिओ लहरी शेकडो प्रकाशवर्षांवरून जाणवाव्यात इतक्या सबळ असणे शक्य नाही. म्हणून अशा जोडताऱ्याकडून रेडिओ लहर आलीच, तर तिचा उगम दोहोंपैकी एका ठिकाणी शोधावा लागतो. एक तर स्फोटाने उधळलेला, चकतीच्या कोट्यवधी पट विस्तारलेला वायुमेघ. नाहीतर प्रकाशवेगाच्या समीप पोहोचलेले, चुंबकीय क्षेत्रात सर्पिल मार्गाने फिरणारे इलेक्ट्रॉन. रेडिओ लहरींचे खरे मोल यातच आहे. प्रकाश चकती किती तापली ते सांगतो. पण त्या व्यवस्थेतून काय बाहेर फेकले जात आहे आणि कोणत्या चुंबकीय बळाने, याचा दाखला रेडिओ लहरींपाशीच मिळतो.

या दोन उगमांपैकी पहिला आधी हाती लागला. श्वेत बटूवर साठत गेलेला हायड्रोजन एका मर्यादेपुढे दाबला आणि तापला की त्याच्या तळाशी अणुकेंद्रीय संमीलन भडकते आणि वरचा सर्व थर अंतराळात उधळला जातो. ज्या ठिकाणी काल तारा दिसत नव्हता तेथे आज दिसतो म्हणून यास नवतारा हे नाव पडले. अमेरिकेतील हेल्मिंग आणि वेड यांनी १९६७चा धनिष्ठेतील आणि १९७०चा भुजंगातील असे दोन नवतारे रेडिओ लहरींत प्रथम टिपले व १९७० साली ते वृत्त प्रसिद्ध केले. या लहरींचे स्वरूप सुबोध निघाले. सुमारे दहा हजार अंश तापमानाचा, आयनित झालेला मेघ आरंभी रेडिओ लहरींना अपारदर्शक असतो आणि त्याचा पृष्ठभाग वाढेल तसतशी लहरींची तीव्रताही वाढते; पुढे मेघ विरळ झाला की उच्च कंप्रतेच्या लहरींना तो प्रथम पारदर्शक होतो, मागाहून नीच कंप्रतेच्या लहरींना, आणि त्या क्रमाने तीव्रता उतरू लागते. म्हणून दृश्य प्रकाश मंदावून कित्येक महिने लोटल्यावर नवतारा रेडिओ लहरींत आपल्या शिखरास पोहोचतो. आणि ही चढ-उतार चोख मोजली तर स्फोटात किती द्रव्य बाहेर पडले याचा हिशेब लागतो. तो बहुधा सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास भरतो.

दुसरा उगम, म्हणजे अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा, प्रथम चुंबकीय श्वेत बटूंच्या ठायी सापडला. काही श्वेत बटूंचे चुंबकीय क्षेत्र कोटी गॉसच्या घरात असते; पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसएवढे आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ कळेल. एवढ्या बळकट क्षेत्रापुढे चकती तयारच होऊ शकत नाही. सहचराकडून आलेला वायू बलरेषांच्या मार्गाने थेट चुंबकीय ध्रुवांवर जाऊन आदळतो. शौरी तारकासमूहातील एएम हर्क्युलिस हा या वर्गाचा आद्य नमुना. न्यू मेक्सिकोच्या पठारावरील व्हेरी लार्ज अ‍ॅरे ही दुर्बीण नवी असतानाच, १९८२ साली, चन्मुगम आणि डल्क यांनी त्या ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी नोंदविल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याच ताऱ्याकडून आलेला, काही मिनिटेच टिकलेला एक उद्रेक प्रसिद्ध झाला, ज्यातील लहरी जवळजवळ संपूर्णपणे वर्तुळाकार ध्रुवित होत्या. असे ध्रुवण विस्कळीत इलेक्ट्रॉनांकडून कधीच संभवत नाही; चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉन एकमेकांशी मेळ राखून, एकतानतेने लहरी सोडू लागले तरच ते घडते. हा मेळ श्वेत बटूपाशी नव्हे, तर सहचराच्या बाह्य वातावरणात जुळला असावा असा निष्कर्ष निघाला. द्रव्य गमावणारा तो सामान्य, तांबूस तारा हा नुसता दाता नसून त्याच्या अंगीही चुंबकीय पराक्रम आहे, हे या उद्रेकाने प्रथमच स्पष्ट केले.

कुंभ राशीतील एई अक्वेरी हा याहूनही विलक्षण. येथील श्वेत बटू अवघ्या ३३ सेकंदांत स्वतःभोवती गिरकी घेतो, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र इतक्या वेगाने फिरते की सहचराकडून आलेला बहुतेक वायू त्याच्यावर पडण्यापूर्वीच बाहेर भिरकावला जातो. द्रव्य घेण्याऐवजी ते झिडकारणारा हा तारा रेडिओ लहरींत एकामागून एक उद्रेक दाखवीत असतो. वृश्चिकेतील एआर स्कॉर्पी या जोडताऱ्याने तर सर्वांवर कडी केली. १९७०च्या दशकापासून एका निराळ्याच जातीचा चलतारा म्हणून दप्तरात दाखल असलेल्या या ताऱ्याची फेरतपासणी जर्मनी, बेल्जियम आणि ब्रिटन येथील हौशी निरीक्षकांनी लक्ष वेधल्यामुळे झाली; २०१६ साली टॉम मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की जंबुपार किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सर्वत्र तो दर १·९७ मिनिटांनी स्पंदन पावतो. येथे सहचराकडून द्रव्य घेतले जात असल्याची खूण दिसत नाही. फिरत्या श्वेत बटूची मंदावत जाणारी गतीच सर्व ऊर्जा पुरविते. अशी स्पंदने तोवर केवळ न्यूट्रॉन ताऱ्यांचीच मिरास समजली जात असत.

परंतु या प्रकरणाच्या आरंभी ज्या चुकीच्या निर्णयाचा उल्लेख केला तो चुंबकीय ताऱ्यांविषयी नव्हता. तो होता चकती असलेल्या, चुंबकीय क्षेत्र दुर्बळ असलेल्या साध्या जोडताऱ्यांविषयी, आणि त्यांतही ज्यांना बटु-नवतारे म्हणतात त्यांच्याविषयी. १५ डिसेंबर १८५५ रोजी लंडनमध्ये जॉन रसेल हाइंड यांस मिथुन राशीत यू जेमिनोरम हा या वर्गातील पहिला तारा दिसला. १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्रांची छाननी करताना लुइझा वेल्स यांना हंस तारकासमूहातील एसएस सिग्नी सापडला. हा तारा एरवी बाराव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीविना न दिसणारा. पण सुमारे सात आठवड्यांच्या अंतराने तो एकाएकी आठव्या प्रतीपर्यंत उजळतो आणि काही दिवसांनी पुन्हा मूळपदावर येतो. १९११मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या चलतारा-निरीक्षक संघाच्या सभासदांनी, म्हणजे पोटापाण्याचा धंदा दुसराच असलेल्या शेकडो हौशी मंडळींनी, या ताऱ्याच्या तेजाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ अखंड ठेवली आहे. मोबदल्याची अपेक्षा न धरता चालविलेले इतके दीर्घ आणि शिस्तबद्ध दप्तर विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

या उजळण्याचे कारण नवताऱ्यासारखे अणुकेंद्रीय नसून चकतीच्या स्वभावात आहे. थंड असताना चकतीतील वायू विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतो, त्याचे अंतर्गत घर्षण अल्प असते, आणि गाळाने तोंड बुजलेल्या पाटात पाणी तुंबावे तसा सहचराकडून आलेला वायू चकतीतच साठत जातो. साठा वाढला की तापमान वाढते. हायड्रोजन आयनित होऊ लागण्याइतके ते वाढले की घर्षण एकदम बळावते आणि तुंबलेला वायू लोंढ्याने श्वेत बटूवर उतरतो. साठा ओसरला की चकती पुन्हा थंड होते आणि नवे चक्र सुरू होते. १९७४ साली जपानच्या योजी ओसाकी यांनी मांडलेल्या कल्पनेतून वाढलेला हा सिद्धान्त केवळ बटु-नवताऱ्यांनाच नव्हे, तर कृष्णविवरांभोवतीच्या चकत्यांनाही लागू केला जातो.

कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा असलेल्या जोडताऱ्यांत अशी चकती भडकली म्हणजे तिच्या अक्षाच्या दिशेने द्रव्याचे दोन वेगवान झोत निघतात आणि ते रेडिओ लहरींत तळपतात. नवजात ताऱ्यांभोवतीच्या चकत्यांतूनही झोत निघतात. मग श्वेत बटूंच्याच चकत्या यास अपवाद का असाव्यात? १९८३ साली सप्तर्षींतील एसयू अर्सी मेजोरिस या बटु-नवताऱ्याकडून रेडिओ लहरी आल्याचे वृत्त जर्मनीतील एफेल्सबर्ग येथील महाकाय दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यानंतरच्या प्रयत्नांतून हाती फारसे काही लागले नाही. हळूहळू असे मत रूढ झाले की या वर्गाच्या जोडताऱ्यांत झोत नसतातच. आणि झोत निर्माण होण्यास कोणत्या अटी आवश्यक आहेत हे ठरविताना काही विद्वानांनी या अभावाचाच पुरावा म्हणून उपयोग केला. जो सिद्धान्त झोताचा जन्म समजावील त्याने श्वेत बटूंपाशी झोत का नाही हेही समजावले पाहिजे, अशी अपेक्षा निर्माण झाली.

एल्मार कॉर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मताचा पाया तपासला आणि तो निरीक्षणांच्या अभावापेक्षा निरीक्षणांच्या वेळेवर उभा आहे, हे ओळखले. कृष्णविवराच्या जोडताऱ्यांत रेडिओ लहरींचे शिखर उद्रेकाच्या ऐन चढणीवर येते. चकती पूर्ण तेजाने तळपू लागते तेव्हा झोत विझत असतो. श्वेत बटूंनाही हाच नियम लागू असेल, तर उद्रेक सुरू झाल्यापासून दिवसभराच्या आत दुर्बीण रोखली पाहिजे; आणि पूर्वीच्या निरीक्षकांनी बहुधा तारा पुरता उजळल्यावर, म्हणजे वेळ टळून गेल्यावर, दुर्बिणी वळविल्या होत्या. एप्रिल २००७मध्ये चलतारा-निरीक्षक संघाच्या हौशी मंडळींकडून एसएस सिग्नी उजळू लागल्याची वर्दी आली आणि व्हेरी लार्ज अ‍ॅरे तत्काळ तिकडे वळविण्यात आली. जेथे आजवर काहीच आढळले नव्हते, तेथे १·१ मिलिजान्स्की तीव्रतेचा रेडिओ उद्रेक तेजाच्या चढणीवर अपेक्षेप्रमाणे उमटला आणि पुढे ओसरत गेला. झोताचे प्रत्यक्ष चित्र मिळाले नव्हते, निष्कर्ष वर्तनावरून काढलेला होता. परंतु सिंक्रोट्रॉन प्रारण, म्हणजे सर्पिल मार्गाने फिरणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांच्या लहरी, सोडणाऱ्या क्षणिक झोताहून अधिक समर्पक उपपत्ती नव्हती. २००८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि श्वेत बटूंना झोत नसतात या गृहीतावर उभारलेल्या युक्तिवादांचा आधार नाहीसा झाला.

या शोधाचा एक अनपेक्षित लाभ चकतीच्या सिद्धान्तालाही झाला. हबल दुर्बिणीने एसएस सिग्नीचे अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षे ठरविले होते. ते खरे मानले तर ताऱ्याचे अंगभूत तेज इतके अधिक ठरत होते, आणि त्यावरून चकतीत येणाऱ्या वायूचे प्रमाण इतके मोठे निघत होते, की सिद्धान्ताप्रमाणे ती चकती सदैव तप्तच राहावी, तिच्यात उद्रेक होऊच नयेत. जो तारा या सिद्धान्ताचा उत्तम नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत दिला जातो तोच त्याच्या विरुद्ध साक्षीस उभा राहावा, ही अडचण किरकोळ नव्हती. जेम्स मिलर-जोन्स यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी २०१० ते २०१२ या काळात पुन्हा हौशी निरीक्षकांच्या वर्दीवर विसंबून, प्रत्येक उद्रेकाच्या आरंभी अमेरिकेतील आणि युरोपातील परस्परांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणी एकजुटीने या ताऱ्यावर रोखल्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असता दूरस्थ आकाशगंगांच्या पार्श्वभूमीवर तो किती सरकतो हे त्यांनी मोजले. या पराशयावरून अंतर ३७२ प्रकाशवर्षे निघाले. त्यात चुकीला वाव सात प्रकाशवर्षांचाच. २०१३ साली हा निकाल जाहीर झाला, आणि पुढे गाया उपग्रहाच्या मोजणीनेही तो कायम केला. अंतर कमी झाले, अंगभूत तेज उतरले, आणि चकतीचा सिद्धान्त पुन्हा आपल्या जागी सुस्थिर झाला. ज्या तऱ्हेच्या लहरी या ताऱ्याकडून येतच नाहीत असे मानले जात होते, त्याच लहरींनी त्याचे अंतर मुक्रर केले.

आता ज्या एका जोडताऱ्याशी महाराष्ट्राच्या भूमीचा प्रत्यक्ष संबंध आला त्याच्याकडे वळू. भुजंगधारी तारकासमूहातील आरएस ओफियुकी येथे श्वेत बटूचा सहचर हा बुटका तारा नसून विशाल तांबडा राक्षसी तारा आहे, आणि त्याच्या वातावरणातून सतत वाहणाऱ्या वाऱ्यात हा श्वेत बटू बुडून गेलेला आहे. त्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या जवळ असल्यामुळे थोडक्याच द्रव्यसंचयाने त्याच्यावर स्फोट घडतो. म्हणून १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या साली तो पुनःपुन्हा नवतारा झालेला नोंदला गेला आहे. स्फोटात सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने सुटलेले द्रव्य सहचराच्या वाऱ्यावर आदळते, आघात-तरंग निर्माण होतो, आणि तो इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देतो. म्हणून इथे नवताऱ्याचा तप्त मेघ आणि सिंक्रोट्रॉन प्रारण असे रेडिओ लहरींचे दोन्ही उगम एकत्र येतात.

१२ फेब्रुवारी २००६ रोजी हा तारा पुन्हा भडकला तेव्हा पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या दुर्बिणीचा वेध त्यावर लागला. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या असणारी ही दुर्बीण नीच कंप्रतेच्या लहरींसाठीच बांधलेली आहे, आणि त्या कंप्रतांवर हा तारा तोपर्यंत कधीच दिसला नव्हता. निमिषा कांथारिया, जी. सी. अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्फोटाच्या विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर सुमारे ४८ मिलिजान्स्की आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर सुमारे ४४ मिलिजान्स्की तीव्रता आढळली. १९८५च्या स्फोटात याच नीच कंप्रतेवर सहासष्टाव्या दिवशीसुद्धा काहीच मिळाले नव्हते. ती शांतता लहरींच्या अभावाची नव्हती, आड आलेल्या पडद्याची होती. राक्षसी ताऱ्याचा आयनित वारा नीच कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो, आणि तो पडदा २००६मध्ये विरळ झाला होता. त्याची घनता १९८५च्या तुलनेने सुमारे ३० टक्केच असावी, असे या संशोधकांनी मांडले. पूर्वीचे मौन आणि आताचा स्वर यांची सांगड घालून त्या दोन स्फोटांमधील ताऱ्याच्या वाऱ्याचा इतिहास वाचता आला. २०२१च्या स्फोटात तर नामिबियातील आणि ला पाल्मा बेटावरील वेधयंत्रांनी याच ताऱ्याकडून आलेले अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण पकडले. आघात-तरंग कणांना किती वेग देऊ शकतो याविषयी रेडिओ लहरींनी जे सुचविले होते, त्यास वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाकडून पुष्टी मिळाली.

पुढील काळात व्हेरी लार्ज अ‍ॅरेची संवेदनशीलता वाढविण्यात आल्यावर डिआन कॉपेजन्स आणि सहकाऱ्यांनी उद्रेक पावत असलेले पाच बटु-नवतारे निवडून त्यांचे वेध घेतले; पाचही रेडिओ लहरींत दिसले. सदैव तप्त चकती असलेल्या जोडताऱ्यांकडूनही अशा लहरी येतात, हे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने दाखविले. या सर्वांच्या मुळाशी झोतच आहेत, की काहींच्या बाबतीत चकतीतील अथवा सहचरावरील चुंबकीय उद्रेक आहेत, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. काही ताऱ्यांच्या लहरी ध्रुवित असल्यामुळे दुसरा पक्षही सबळ आहे. हा वाद आनंददायक म्हटला पाहिजे, कारण तो आता लहरी आहेत की नाहीत याविषयी उरला नसून त्या कशा निर्माण होतात याविषयी आहे.

या सर्व वृत्तांतातून जो बोध निघतो तो केवळ श्वेत बटूंपुरता नाही. कृष्णविवर, न्यूट्रॉन तारा, श्वेत बटू किंवा जन्म घेणारा तारा, मध्यभागी काहीही असो. भोवती द्रव्याची चकती असली की ती घेतलेल्या द्रव्याचा काही भाग वेगाने बाहेर फेकते, हा नियम आता अपवादाविना उभा राहू पाहत आहे. श्वेत बटू हे त्यातले जवळचे, विपुल आणि साध्या दुर्बिणीतूनही पाहता येण्याजोगे उदाहरण असल्यामुळे त्या नियमाची परीक्षा येथेच सर्वांत चोखपणे होऊ शकते. ती परीक्षा घेण्यास महाकाय दुर्बीण जितकी आवश्यक, तितकीच तिला योग्य घटिकेस जागे करणारी, रात्रीमागून रात्र त्याच ताऱ्याचे तेज टिपून ठेवणारी निरलस दृष्टीही आवश्यक आहे. एखादा तारा मुका आहे असे म्हणण्यापूर्वी आपण त्याच्याकडे केव्हा, कोणत्या कंप्रतेवर आणि किती काळ कान दिला, हे सांगणे यापुढे प्रत्येक निरीक्षकाचे कर्तव्य ठरले आहे.